दुरुस्तीची वेळ : पित्तनलिकेच्या शस्त्रक्रियेचा इतिहास



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, तह आणि लढाया उभ्या राहतात. आज आम्ही जो इतिहास सांगणार आहोत तो एका नळीचा आहे. ही नळी आपणां प्रत्येकाच्या पोटात, यकृताच्या खालच्या अंगाला असते आणि ती शिसपेन्सिलीहूनही बारीक असते. पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया चालू असताना ही नळी चुकून कापली गेली, बांधली गेली किंवा भाजली गेली, तर तिची दुरुस्ती केव्हा करावयाची? लगेच करावी, चार दिवसांनी करावी, की दोन महिने थांबून करावी? वरवर पाहता प्रश्न लहान आहे. परंतु या 'केव्हा'चे उत्तर शोधण्यात शस्त्रवैद्यांच्या तीन-चार पिढ्या खर्ची पडल्या, आणि त्या उत्तरावर एखाद्या घरातील कर्त्या बाईचे किंवा पुरुषाचे पुढील आयुष्य सुखाचे जाणार की दुखण्याचे, हे पुष्कळदा ठरत आले आहे. पित्ताशयाच्या खड्यांचे ऑपरेशन आज शहरात नवलाचे राहिलेले नाही. म्हणून हा विषय केवळ वैद्यांचा राहिलेला नाही.

प्रथम ही रचना समजून घेऊ. यकृत हे पित्ताचे उगमस्थान. तेथे रोज सुमारे अर्धा ते एक लिटर पित्त तयार होते. यकृताच्या उजव्या आणि डाव्या भागांतून दोन नलिका बाहेर येतात, एकत्र मिळतात, आणि त्यांची जी एक मुख्य पित्तनलिका होते ती लहान आतड्याला जाऊन मिळते. पित्ताशय म्हणजे या वाटेवर बाजूला जोडलेली एक पिशवी. नाशिक-धुळ्याच्या माणसाला फड पद्धतीचे बंधारे आणि पाट सांगावे लागत नाहीत. मुख्य पाटाला एक आखूड चारी फुटावी आणि तिच्या टोकाला लहानसे तळे असावे, तसे हे पित्ताशय. तळे बुजविले तरी पाट वाहता राहतो, म्हणूनच पित्ताशय काढलेला माणूस व्यवस्थित जगतो. धोका एवढाच की, चारी तोडावयाची असताना कुदळ मुख्य पाटावर पडता कामा नये. सूज आलेल्या, चिकटलेल्या पित्ताशयात ही चारी आणि हा पाट एकमेकांना इतके बिलगलेले असतात की अनुभवी डोळाही फसतो.

तळेच काढून टाकावे ही कल्पना बर्लिनच्या कार्ल लांगेनबुख यांची. त्यापूर्वी पित्ताशय उघडून खडे काढीत, परंतु पिशवी आत राहिली की खडे पुन्हा होत. लांगेनबुख यांनी आधी प्रेतांवर अभ्यास करून पद्धत बसविली आणि १५ जुलै १८८२ रोजी लाझारस रुग्णालयात एका ४३ वर्षांच्या रुग्णाचे पित्ताशय समूळ काढले. वर्षानुवर्षांच्या वेदनेने तो मनुष्य खंगला होता आणि मॉर्फीनच्या आहारी गेला होता. तो बरा झाला. पुढील काही दशकांत ही शस्त्रक्रिया जगभर रूढ झाली.

परंतु उपाय आला की त्याची सावलीही येते. जितकी पित्ताशये निघू लागली, तितक्या मुख्य नलिकेला इजा झाल्याच्या घटनाही उघड होऊ लागल्या. अमेरिकेतील विल्यम मेयो यांनी १९०५ साली अशा रुग्णांवरील आपला अनुभव प्रसिद्ध केला. त्यांनी नलिकेचे वरचे टोक आतड्याच्या पहिल्या भागाशी जोडून पित्ताला वाट करून दिली होती. मोठ्या नावाच्या शस्त्रवैद्याने हा विषय उघडपणे मांडला, हीही गोष्ट महत्त्वाची होती. जी दुखापत झाकली जाते तिच्यापासून कोणीच काही शिकत नाही.

त्या काळची स्वाभाविक बुद्धी अशी की, कापले ना, मग ताबडतोब शिवा. दोरी तुटली तर आपण तिची दोन टोके गाठ मारून जोडतो, तशी नळीची दोन टोके टाक्यांनी जोडावयाची. हे काम दिसावयास सोपे आणि मनाला समाधान देणारे होते. पण अशा कितीतरी जोडण्या काही महिन्यांनी किंवा वर्षांनी आक्रसून जात. वाट अरुंद झाली की पित्त तुंबे, डोळे पिवळे होत, हुडहुडी भरून ताप येई, आणि रोगी पुन्हा टेबलावर येई. याचे एक मुख्य कारण पुढे १९७९ साली नॉर्थओव्हर आणि टर्ब्लांश यांनी रक्तवाहिन्यांच्या अभ्यासातून स्पष्ट केले. या नलिकेला रक्त पुरविणाऱ्या बारीक वाहिन्या तिच्या दोन्ही कडांनी उभ्या धावतात, आणि त्यांतील अधिक रक्त खालून वर येते. नळी मध्येच कापली की वरच्या टोकाचा रक्तपुरवठा उणा पडतो. तहानलेले रोप कितीही चांगल्या मातीत लावले तरी ते जोम धरीत नाही. या टाक्यांचेही तसेच होत असे.

या इतिहासातील सर्वांत गाजलेला रोगी म्हणजे इंग्लंडचे परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन. १२ एप्रिल १९५३ रोजी लंडनमध्ये त्यांचे पित्ताशय काढण्यात आले आणि त्या वेळी पित्तनलिकेला इजा झाली. २९ एप्रिलला, म्हणजे अवघ्या सतरा दिवसांनी, दुसरी शस्त्रक्रिया झाली, तरी प्रश्न सुटला नाही. त्या सुमारास अमेरिकेतील रिचर्ड कॅटेल हे पित्तमार्गाच्या शस्त्रक्रियांत निष्णात समजले जाणारे गृहस्थ व्याख्यानानिमित्त इंग्लंडमध्ये आले होते. त्यांचा सल्ला घेण्यात आला आणि ईडन यांनी बोस्टनला जावे असे ठरले. आपल्या परराष्ट्रमंत्र्यावर उपचार करावयास इंग्लंड असमर्थ आहे असे दिसू नये, ही त्या राष्ट्राच्या अभिमानाची बाजू होती. पण नळीला राष्ट्राभिमान कळत नाही. १० जून १९५३ रोजी कॅटेल यांनी बोस्टन येथे तिसरी शस्त्रक्रिया करून यकृताकडील नलिका लहान आतड्याशी जोडली. ईडन तेथे असतानाच, २३ जून रोजी, पंतप्रधान चर्चिल यांना पक्षाघाताचा झटका आला. एका देशाचा पंतप्रधान आणि त्याचा मानलेला वारस असे दोघेही त्या महिन्यात रोगशय्येवर होते.

ईडन १९५५ साली पंतप्रधान झाले, परंतु नलिकेने त्यांची पाठ सोडली नाही. ऑक्टोबर १९५६ मध्ये, सुएझ कालव्याचे प्रकरण ऐन भरात असताना, त्यांना थंडी वाजून १०६ अंशांपर्यंत ताप चढला. त्या तापाचा त्यांच्या निर्णयांवर कितपत परिणाम झाला, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. आम्ही त्या वादात पडत नाही. जानेवारी १९५७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, त्याच वर्षी एप्रिलमध्ये कॅटेल यांनी त्यांच्यावर पुन्हा शस्त्रक्रिया केली, १९७० मध्ये आणखी एक करावी लागली, आणि १९७७ साली वयाच्या ७९ व्या वर्षी ते निवर्तले. एका दिवसाच्या दुखापतीचा हा चोवीस वर्षांचा हिशेब आहे. त्यातून दोन गोष्टी दिसतात. इजा झाल्यावर घाईने पुन्हा पोट उघडले म्हणजे काम साधतेच असे नाही, आणि ज्याने असे काम पुष्कळ वेळा केले आहे त्याच्या हाती गेल्याने रोग्याला आयुष्याची वीस-बावीस वर्षे मिळू शकतात.

सुएझच्याच वर्षी, १९५६ मध्ये, पॅरिसमध्ये या शास्त्राला नवी वाट सापडली. हेप आणि क्विनो या दोघांनी दाखवून दिले की, डावी यकृतनलिका यकृताबाहेर बरीच लांब धावते. तिच्यावरचे आच्छादन अलगद खाली उतरविले तर तेथे निरोगी, रक्ताने पोसलेली नळी मिळते, आणि त्या जागी रुंद जोड देता येतो. म्हणजे जखमेच्या चिखलात टाके घालण्याऐवजी वर सरकून कोरड्या, पक्क्या जमिनीत पाया घालावयाचा. जोडावयाला आतडे कोणते घ्यावे, हे स्वित्झर्लंडच्या सेझार रू यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जठराच्या शस्त्रक्रियेसाठी बसविलेल्या पद्धतीने सुटले. आतड्याचा एक फाटा वर आणून नलिकेला जोडावयाचा, जेणेकरून अन्नाचा प्रवाह पित्तमार्गात उलटा शिरत नाही. पुढे १९८२ साली फ्रान्सच्याच हेन्री बिस्म्यूथ यांनी, दोन नलिकांच्या संगमाखाली निरोगी नळी किती उरली आहे, यावरून या आकुंचनांचे प्रकार लावून दिले. आता 'कसे जोडावे' या प्रश्नाचे उत्तर बरेचसे मिळाले होते. राहिला प्रश्न 'केव्हा' याचा.

तो प्रश्न एकाएकी तीव्र झाला तो दुर्बिणीमुळे. जर्मनीत एरिक म्यूह यांनी १९८५ साली आणि फ्रान्समध्ये लियों येथे फिलिप मूरे यांनी १९८७ साली पोट मोठे न चिरता, लहान छिद्रांतून पित्ताशय काढले. आपल्या महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी गोष्ट अशी की, १९९० साली मुंबईच्या सर जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी भारतातील अशी पहिली शस्त्रक्रिया केली. दुर्बिणीतून पोटात पाहण्याचे काम ते त्याच रुग्णालयात १९७२ पासून करीत होते, म्हणजे त्या एका दिवसामागे अठरा वर्षांची तयारी होती. श्रीमंतांच्या खासगी इस्पितळात न होता ही सुरुवात एका सरकारी रुग्णालयात झाली, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. हातावर पोट असणाऱ्या माणसाला महिनाभर घरी बसणे परवडत नाही. तो आठवड्यात कामावर जाऊ शकला तर त्याचे घर चालते. डॉ. उदवाडिया २०२३ च्या जानेवारीत निवर्तले तोवर ही शस्त्रक्रिया लहानमोठ्या शहरांतून सर्रास होऊ लागली होती.

परंतु नव्या वाटेवर ठेचाही नव्या लागतात. मोठ्या छेदाच्या काळात मुख्य नलिकेची इजा हजारांत एखाद्-दुसऱ्याला होई. दुर्बिणीच्या सुरुवातीच्या वर्षांत हे प्रमाण त्याच्या दोन-तीन पट झाले. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे १५ लाख ७० हजार शस्त्रक्रियांच्या पाहणीत ते हजारी पाच निघाले. पडद्यावर चित्र मोठे दिसते, पण ते सपाट दिसते आणि हाताला स्पर्श उरत नाही. पुष्कळदा मुख्य नलिकाच पित्ताशयाची चारी समजून कापली जाते. यावर १९९५ साली स्ट्रासबर्ग व सहकाऱ्यांनी एक शिस्त सांगितली : पित्ताशयाकडे जाणाऱ्या दोनच गोष्टी, एक नळी आणि एक धमनी, पूर्ण मोकळ्या होऊन डोळ्यांना दिसल्याखेरीज काहीही कापू नये. ही शिस्त आज जगभर शिकविली जाते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. इजा झाली आहे, दुरुस्ती केव्हा? शस्त्रवैद्य या काळाचे ढोबळ तीन भाग करतात : पहिले तीन दिवस, तेथून सहा आठवड्यांपर्यंतचा मधला काळ, आणि त्यानंतरचा काळ.

पहिल्या तीन दिवसांत पोटातील भाग अजून फारसा सुजलेला नसतो. इजा टेबलावरच किंवा लगेच उमगली, जंतुसंसर्ग झालेला नसला, आणि या कामात मुरलेला शस्त्रवैद्य हजर असला, तर दुरुस्ती त्याच वेळी करणे उत्तम. मुरलेला हात जवळ नसेल, तर निचऱ्याची नळी ठेवून पोट बंद करावे आणि रोग्याला योग्य ठिकाणी पाठवावे. यात कमीपणा काही नाही. तेच खरे कौशल्य होय.

मधला काळ हा खरा दगाबाज. फुटलेल्या पाटाचेच उदाहरण घ्या. पाणी वाहत असताना आणि काठाचा चिखल झालेला असताना कोणी शहाणा गवंडी तेथे दगड लावीत नाही. तो आधी पाणी वळवितो, साचलेले काढून टाकतो, जमीन वाळू देतो, आणि मग पक्के बांधकाम करतो. पोटात सांडलेल्या पित्ताने भोवतालचा भाग सुजतो, लोण्यासारखा मऊ पडतो, त्यात टाका धरत नाही. शिवाय नलिकेबरोबर धमनीलाही इजा झाली असेल, तर नळीचा कोणता भाग जगणार आणि कोणता सुकणार, हे काही आठवडे गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून या काळात साचलेले पित्त बाहेर काढावयाचे, जंतुसंसर्ग आवरावयाचा, रोग्याला खाऊपिऊ घालून त्याची शक्ती भरून आणावयाची, आणि छायाचित्रांनी संपूर्ण पित्तमार्गाचा नकाशा मिळवावयाचा. त्यानंतर, सर्व शांत झाल्यावर, रू यांच्या पद्धतीचा रुंद जोड द्यावयाचा.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. थांबणे म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे. या सहा आठवड्यांत जे काम होते तेच पुढील शस्त्रक्रियेचे अर्धे यश. उलट विनाकारण फार थांबले, नलिका बंदच राहिली आणि पित्त तुंबत गेले, तर यकृतच कठीण होऊ लागते, आणि मग साध्या जोडाने भागत नाही. अकाली घाई जशी मारक, तशी ढिलाईही मारक. किरकोळ गळतीची गोष्ट मात्र वेगळी. पित्ताशयाच्या कापलेल्या चारीच्या टोकातून पित्त झिरपत असेल, तर तोंडावाटे दुर्बीण घालून नलिकेत स्टेंट नावाची बारीक नळी बसविता येते, आणि पुष्कळ रोगी पुन्हा पोट न उघडता बरे होतात. १९६८ मध्ये निदानासाठी सुरू झालेल्या आणि १९७४ पासून उपचारासाठी वापरात आलेल्या या तंत्राने कित्येकांची मोठी शस्त्रक्रिया वाचविली आहे.

मग पंचांगच निर्णायक समजावे काय? या बाबतीत सॅन फ्रान्सिस्कोच्या स्ट्युअर्ट आणि वे यांचा अभ्यास उद्बोधक आहे. १९९५ साली त्यांनी दाखविले की, ज्याच्या हातून इजा झाली त्यानेच दुरुस्ती केली तेव्हा ती १०० पैकी १७ वेळाच टिकली. पित्तमार्गाच्या तज्ज्ञाने केली तेव्हा ती ९४ वेळा टिकली. पुढे २००९ साली त्यांनीच असा निष्कर्ष मांडला की, केवळ दिवसांच्या मोजणीवर यश अवलंबून नसते. पोटातील संसर्ग आटोक्यात आला आहे काय, पित्तमार्गाचा पूर्ण नकाशा हाती आहे काय, जोड योग्य प्रकारचा आहे काय, आणि हात कोणाचा आहे, यांवर ते ठरते. युरोपातील अनेक केंद्रांनी मिळून २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही लवकर, मध्यम आणि उशिरा केलेल्या दुरुस्त्यांच्या अखेरच्या निकालांत वेळेमुळे फरक आढळला नाही. मात्र ते सारे काम तज्ज्ञ केंद्रांतले होते, हे विसरता येत नाही. सारांश, सहा आठवड्यांचा आकडा हा मुहूर्त नव्हे. अंगाची तयारी झाली की नाही हे ओळखण्याची ती एक खूण आहे. आंबा कधी उतरवावा हे तारखेवरून ठरत नाही, पण अनुभवी बागाईतदार महिना पाहूनच झाडाकडे जातो.

आपल्या देशात या विषयाला आणखी एक बाजू आहे. उत्तर भारतात, विशेषतः गंगेच्या खोऱ्यात, पित्ताशयाचे खडे फार. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. विनय कपूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा दुखापतींच्या उपचारांचा मोठा अनुभव जमविला, आणि या एकाच विषयावरचा त्यांचा ग्रंथ २०२० साली निघाला. भारतात तज्ज्ञ केंद्रात पोहोचणारा रोगी पुष्कळदा पहिले तीन दिवस केव्हाच मागे टाकून, मधल्या चिखलाच्या काळात येतो. कारण इजा ओळखावयास उशीर होतो, ओळखली तरी पाठवावयास संकोच वाटतो, आणि घरच्यांना काय घडले हे कोणी स्पष्ट सांगत नाही. येथे शास्त्र अपुरे पडत नाही, अपुरा पडतो तो धीटपणा.

यास्तव नागरिकांनी काही साध्या गोष्टी मनाशी बाळगाव्यात. दुर्बिणीने पित्ताशय काढलेला रोगी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आदल्या दिवसापेक्षा बरा दिसला पाहिजे. उलट पोट फुगत असेल, दुखणे वाढत असेल, ताप, उलट्या, डोळ्यांना पिवळेपणा असेल, किंवा निचऱ्याच्या नळीतून पित्त येत असेल, तर 'वाताचा त्रास आहे, जाईल' असे म्हणून दिवस काढू नयेत. डॉक्टरांना ताबडतोब दाखवावे, सोनोग्राफी व रक्ततपासणी करून घ्यावी, आणि इजेची शंका आली तर तज्ज्ञ केंद्राचा मार्ग धरावा. नाशिकहून मुंबई काही तासांच्या वाटेवर आहे. वेळ मोडतो तो या रस्त्यात नव्हे, तर घरात आणि इस्पितळात 'पाहू उद्या' म्हणण्यात. तज्ज्ञाने 'आता सहा आठवडे थांबा' असे सांगितले, तर मात्र धीर सोडून दुसऱ्या दारी 'उद्याच करतो' म्हणणाऱ्याकडे धावू नये.

डॉक्टरांच्या बाबतीतही न्यायाने बोलले पाहिजे. अशी इजा उत्तम हातांकडूनही होऊ शकते. केवळ ती झाली एवढ्याने कोणी गुन्हेगार ठरत नाही. ती लपविणे, किंवा स्वतःची लाज राखण्यासाठी पुन्हा पुन्हा पोट उघडणे, हे मात्र रोग्याला महागात पडते. ज्या दिवशी इजा सांगणाऱ्या डॉक्टरावर लोक हात उगारणार नाहीत आणि डॉक्टरही सांगावयास कचरणार नाहीत, त्या दिवशी मधल्या काळात अडकणारे रोगी निम्मे होतील, असे आम्हांस वाटते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून या आपल्या नाशकात आहे, आणि राज्यातील हजारो तरुण डॉक्टरांच्या पदव्या येथून दिल्या जातात. त्या तरुणांना सुरी कशी धरावी हे तर शिकविलेच पाहिजे. सुरी केव्हा खाली ठेवावी आणि रोगी कोणाच्या हाती द्यावा, हेही तितक्याच आग्रहाने शिकविले पाहिजे.

लांगेनबुख यांनी ते पहिले पित्ताशय काढले त्याला आता एकशे चाळीसहून अधिक वर्षे झाली. या सर्व काळाने जे शिकविले ते थोडक्यात असे : दुखापत ओळखावयास आणि सांगावयास एक दिवसही उशीर नको, ती दुरुस्त करावयास मात्र एक दिवसही अकाली नको. या दोहोंतील भेद ज्या गावातील डॉक्टर आणि रोगी या दोघांनाही ठाऊक आहे, त्या गावातील माणसाला ईडन यांच्यासारखी चोवीस वर्षे मोजावी लागण्याचे कारण उरणार नाही.